चाकांच्या खुर्चीसाठी मोटार : घरबसल्या घ्यावी की समक्ष पाहून?

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मंगलकार्याच्या निमंत्रणपत्रिकेत आपण ‘सहकुटुंब सहपरिवार’ हे शब्द आग्रहाने घालतो. परंतु ज्या घरी कोणी चाकांच्या खुर्चीवर आहे, त्या घरचे एक माणूस बहुधा मागे राहते आणि त्याच्या सोबतीस दुसरे. तेथे उणीव मायेची नसते, वाहनाची असते. प्रौढ माणसास उचलून मोटारीत बसविणे उचलणाऱ्याच्या पाठीस जड जाते आणि उचलल्या जाणाऱ्याच्या मनास त्याहून जड. म्हणून अशा वाहनाच्या खरेदीचा विचार आज आपणांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम गरज ओळखावी. ज्यास थोड्या आधाराने आसन बदलता येते, त्यास बाहेर वळणारे फिरते आसन पुरे होते. ज्यास खुर्चीतून उठणेच शक्य नाही, त्यास खुर्चीसकट आत घेणारे, उतरंडीची फळी अथवा यांत्रिक पाळणा असलेले वाहन हवे. या दोहोंच्या खर्चात मोठे अंतर आहे. गरज न ओळखता केलेली खरेदी दारात उभी राहते, उपयोगी पडत नाही.

आता मुख्य प्रश्न. ऑनलाइन खरेदीचा मोठा गुण हा की, ज्यास दुकानाची पायरी चढणे कठीण, त्याच्याकडे बाजार स्वतः चालत येतो. असे फेरफार करणारे कारागीर आपल्याकडे थोडे, तेही दूरदूरच्या शहरांत विखुरलेले. घरबसल्या त्यांचे दर, मापे व चलच्चित्रे ताडून पाहता येतात, आणि मुख्य म्हणजे ज्याच्यासाठी वाहन घ्यावयाचे तो स्वतः प्रश्न विचारू शकतो. एरवी त्याच्या वतीने इतरच बोलतात.

परंतु छायाचित्रास गंज दिसत नाही, फळीचा कंप ऐकू येत नाही, आणि आत बसल्यावर डोके छतास लागते की काय, हेही कळत नाही. म्हणून आमचे मत असे की, शोध घरबसल्या करावा, निर्णय मात्र समक्ष करावा. तोही कुटुंबप्रमुखाने एकट्याने नव्हे; ज्यास बसावयाचे त्यास सोबत नेऊन, त्याच्या नित्याच्या खुर्चीसह.

निघण्यापूर्वी चार मापे कागदावर लिहून घ्यावीत : बसलेल्या स्थितीत जमिनीपासून डोक्यापर्यंतची उंची, खुर्चीची कमाल रुंदी, पायटेकणीसह लांबी आणि माणसासह एकूण वजन. विजेवर चालणारी खुर्ची साध्या खुर्चीहून कितीतरी जड असते. फळी व पाळणा ते वजन पेलतील की नाही, हे विचारून घ्यावे. उतरंडीचे गणितही सोपे आहे. वाहनाची तळफळी जमिनीपासून ४० सेंटिमीटर उंच असेल आणि चढ चारास एक ठेवावयाचा असेल, तर फळी सुमारे १६५ सेंटिमीटर लांब लागते. सहास एक ठेवल्यास ती २४० सेंटिमीटरांच्या वर जाते. फळीपुढे खुर्ची वळविण्यास आणखी दीड मीटर जागा हवी. आपल्या चाळीच्या वा सोसायटीच्या आवारात एवढी जागा आहे काय, हे आधी मोजावे. मागील दाराने प्रवेश असल्यास तेथे गॅसची टाकी आडवी येत नाही ना, हेही पाहावे. तळ खाली उतरविला असेल तर तो आपल्याकडील गतिरोधकांस घासेल काय, याची परीक्षा फेरी मारूनच होते. फळी ओली करून तिचा निसरडेपणा अवश्य पाहावा, कारण आपल्याकडे पावसाळा चार महिन्यांचा आहे.

सुरक्षिततेत तडजोड नको. खुर्चीचे तोंड प्रवासाच्या दिशेस असावे, ती चार पट्ट्यांनी तळाशी जखडलेली असावी, आणि बसणाऱ्यास स्वतंत्र कंबर-खांदा पट्टा असावा. खुर्ची बांधली म्हणजे माणूस बांधला, असे नव्हे.

कायद्याकडेही लक्ष हवे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ अन्वये वाहनातील फेरफारास नोंदणी अधिकाऱ्याची मान्यता लागते. २०१९ च्या दुरुस्तीने दिव्यांगांसाठीच्या अनुकूलित वाहनास या कायद्यात स्पष्ट स्थान दिले आहे. फेरफाराची नोंद नोंदणीपुस्तकात करून घ्यावी व विमा कंपनीस लेखी कळवावे. अन्यथा अपघातानंतर वाद उपस्थित होतो. जुने वाहन घेताना त्यावर कर्जाचा बोजा नाही ना, हे पाहून नमुना २९ व ३० भरून मालकी बदलावी. परराज्यातील असल्यास नमुना २८ चे ना-हरकत प्रमाणपत्र मागावे. लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून सर्वांस १८ टक्के झाला आहे. तेव्हा केवळ १८ टक्के दराची ‘खास सवलत’ दाखवून कोणी भुलवू लागल्यास सावध असावे. आणि वाहन पाहण्यापूर्वी पूर्ण रक्कम कोणी कितीही घाई केली तरी पाठवू नये.

शेवटी मंडळास एक विनंती. ज्या कुटुंबांनी असे वाहन घेतले आहे त्यांनी आपली मापे, खर्च व अनुभव मंडळाच्या दप्तरी नोंदवावेत, आणि नव्याने घेऊ इच्छिणाऱ्यास आपल्या वाहनात एकदा बसून पाहू द्यावे. शंभर छायाचित्रांनी जे कळत नाही, ते अशा एका फेरीने कळेल. तसे घडले तर ‘सहकुटुंब सहपरिवार’ हे शब्द आपल्या ज्ञातीत केवळ पत्रिकेपुरते राहणार नाहीत.