उन्हातला पडदा आणि सावलीतला पडदा



ह्या व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आमच्याकडे विषय मागितला, तेव्हा आम्ही 'पडदा' असे एका शब्दात कळविले. त्यांची समजूत अशी झाली की, आम्ही कामगार रंगभूमीवर बोलणार. मोबाइलच्या पडद्यावर बोलणार असे सांगितल्यावर ते थोडे विचारात पडले. कारण आमचे शिक्षण नववीपर्यंतचे, आणि हयात गेली ती युनियनच्या कामात. पण ज्या वस्तूवर आज हजारो माणसांचे पोट चालते ती कशी चालते, हे युनियनच्या माणसाला ठाऊक नको काय? तरुणपणी आम्ही एका कारखान्यात दूरदर्शन संचांची जुळणी करीत होतो. त्या वेळी पडदा म्हणजे काचेची जड चित्रनळी असे. चित्रनळी गेली, तिच्यामागोमाग ते कामही गेले. तेव्हापासून नवा पडदा बाजारात आला की त्याच्या पोटात काय आहे ते वाचून काढण्याची आम्हांस खोड लागली आहे.

आज येरवड्यात पडद्यापुढे काम करणारी माणसे दोन जातीची आहेत. नदीकाठच्या काचेच्या कचेऱ्यांत जी मुले बसतात त्यांच्यापुढेही पडदा असतो, आणि त्याच कचेऱ्यांच्या दारात जेवणाचा डबा घेऊन जो पोरगा दुचाकीवर येतो त्याच्या हातातही पडदाच असतो. पडदा एकच, पण एक सावलीत आहे आणि दुसरा उन्हात. आमच्याकडे तक्रार घेऊन येतात ते हे दुसरे. रिक्षावाले, सामान पोचविणारे, मोजणीला दारोदार फिरणाऱ्या बाया. भर दुपारी भाड्याची सूचना येते, पण पडदा काळा दिसतो. हाताचा आडोसा करावा, डोक्यावरचा पंचा पुढे ओढावा, तोवर सूचना निघून गेलेली असते. पडद्याचा उजेड पुरा वाढवावा तर फोन तापतो. आणि तापला की स्वतःला वाचविण्यासाठी तो आपला उजेड आपणच कमी करतो. म्हणजे ऊन जेवढे कडक, तेवढा पडदा मंद! दुपारी तीनला बॅटरी संपते ती वेगळीच.

हे का होते, ह्याचा हिशेब सोपा आहे. उजेड मोजण्याचे माप लक्स. आपल्या घरात दिव्याखाली तीनशे ते पाचशे लक्स उजेड असतो; भर दुपारच्या उन्हात तो एक लाखाच्या आसपास जातो. पांढरा कागद उन्हात धरला तर तो सुमारे पंचवीस हजार कॅन्डेला प्रति चौरस मीटर इतका उजळतो. साध्या मोबाइलचा पडदा स्वतःच्या बळावर पाचशे ते हजार इतकाच उजळतो. शिवाय वरची काच चार-पाच टक्के ऊन तोंडावर परत फेकते, आणि ते चार-पाच टक्केसुद्धा पडद्याच्या स्वतःच्या उजेडाइतके, कधी त्याहून जास्त भरतात. सूर्याशी कुस्ती खेळायची आणि खिशातल्या बॅटरीच्या जोरावर, असा हा प्रकार आहे. कागद मात्र सूर्याशी कुस्ती खेळत नाही. तो सूर्याचाच उजेड घेऊन आपल्याला देतो. म्हणून भर उन्हात वर्तमानपत्र वाचता येते आणि मोबाइल वाचता येत नाही.

आता पडद्याचे दोन प्रकार पाहू. पहिला द्रव-स्फटिकाचा. १८८८ साली प्राग येथे फ्रीडरिश रायनित्सर नावाचा एक वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरातून काढलेल्या एका पदार्थाची तपासणी करीत होता. तो पदार्थ १४५.५ अंशांवर वितळला, पण गढूळ राहिला, आणि १७८.५ अंशांवर पुन्हा एकदा जणू वितळून स्वच्छ झाला. एका वस्तूला दोन वितळबिंदू! मधल्या अवस्थेत तो पदार्थ पाण्यासारखा वाहतो, पण त्याचे कण स्फटिकातल्यासारखे शिस्तीत उभे असतात. ह्या शास्त्रात आपल्या देशाचाही वाटा आहे. थाळीच्या आकाराच्या कणांचे द्रव-स्फटिक १९७७ साली बंगलोरच्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर ह्यांनी शोधून काढले. ते सर चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांचे भाचे.

पडद्यात हा पदार्थ कसा काम करतो ते सांगण्यासाठी येरवड्याच्या माणसाला दूर जायला नको. तुरुंगाची खिडकी डोळ्यांपुढे आणावी. उभ्या गजांच्या खिडकीतून काठी बाहेर काढायची तर ती उभीच धरली पाहिजे. त्या खिडकीच्या पुढे आडव्या गजांची दुसरी खिडकी असली तर ती उभी काठी तेथे अडेल. आता दोन्ही खिडक्यांच्या मध्ये असा कोणी बसवा की जो काठी हातात घेऊन हळूच आडवी करील. म्हणजे ती पार होईल. ही काठी म्हणजे प्रकाशाची लहर, खिडक्या म्हणजे दोन ध्रुवक काचा, आणि मधला काठी फिरविणारा तो द्रव-स्फटिक. विजेचा दाब दिला की तो काठी फिरवायचे थांबवतो आणि ते टिंब काळे पडते. म्हणजे द्रव-स्फटिक स्वतः प्रकाश देत नाही, तो केवळ पहारेकरी आहे. प्रकाशासाठी मागे दिवा लावावा लागतो. आणि खिडक्या, रंगांच्या गाळण्या वगैरे पार करून त्या दिव्याचा शंभरातला पाच-दहा भागच तुमच्या डोळ्यांपर्यंत येतो. बाकीचा आतच मरतो. जगात एवढी नासाडी करणारे यंत्र रोज कोट्यवधी लोक वापरतात, ह्याचे आम्हांस नेहमी नवल वाटते.

पण ह्याच पहारेकऱ्याच्या मागे दिव्याऐवजी आरसा ठेवला तर? मग बाहेरचे ऊन आत जाईल, आरशावर आपटून परत येईल, आणि पहारेकरी सोडील तेथे उजळ, अडवील तेथे काळे असे अक्षर उमटेल. हिशेबयंत्राच्या आणि साध्या मनगटी घड्याळाच्या राखी पट्टीवर आपण हेच पाहत आलो. ती वर्षानुवर्षे एका बटनाएवढ्या सेलवर चालते. उन्हाचा पाचवा-सहावा हिस्सा परत आला तरी चार-पाच हजारांचा उजळपणा फुकटात मिळतो. गैरसोय एकच: अंधारात ती आंधळी.

दुसरा प्रकार सेंद्रिय प्रकाशदिव्यांचा. सेंद्रिय म्हटल्यावर कोणी खताची आठवण काढू नये. रसायनशास्त्रात कार्बनच्या संयुगांना सेंद्रिय म्हणतात. अमेरिकेत कोडॅक कंपनीतल्या चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक ह्या दोघांनी १९८७ साली दाखविले की, अशा संयुगांचे केसाहून शंभरपटींनी पातळ थर एकावर एक चढवून थोडी वीज सोडली, की थर स्वतःच उजळतात. येथे मागे दिवा नको, पहारेकरी नको. प्रत्येक टिंब स्वतःची पणती. काळे दाखवायचे तर पणती विझवायची, म्हणून अंधारात ह्या पडद्यासारखा देखणा पडदा नाही. पण उन्हात त्याचा जीव कासावीस होतो. जोराने जळत ठेवला तर थर लवकर झिजतात, त्यांतही निळा आधी. आणि हवेतला ओलावा व प्राणवायू हे त्याचे जन्माचे वैरी.

आता कोणालाही सुचेल की, दिवसा आरशाचा पडदा वापरावा आणि रात्री पणत्यांचा. दोघांना एकाच घरात नांदवावे. हे घडले आहे. मोबव्हॉय ह्या चिनी कंपनीने २०१८ साली 'टिकवॉच प्रो' नावाचे मनगटी घड्याळ काढले. त्यात खाली पणत्यांचा रंगीत पडदा आणि त्याच्यावर पारदर्शक द्रव-स्फटिकाचा पातळ पडदा. वरचा बंद असला की काचेसारखा, आरपार दिसतो. चालू झाला की काळ्या आकड्यांत वेळ सांगतो. रंगीत पडद्यावर बॅटरी दोन दिवस, आणि नुसत्या वरच्या पडद्यावर तीस दिवसांपर्यंत, असा कंपनीचा दावा होता. जपानात आत्सुगी येथील सेमिकंडक्टर एनर्जी लॅबोरेटरी ह्या संस्थेने त्याच दशकात पुढचे पाऊल टाकले. तिने दोन पडदे एकावर एक न ठेवता प्रत्येक टिंबातच दोघांची सोय केली: आरशाला एक बारीक झरोका, आणि झरोक्यामागे पणती. उन्हात आरसा काम करतो, अंधारात झरोक्यातून पणती. आणि संधिप्रकाशात दोघे मिळून. पणती तेजस्वी असल्यामुळे झरोका लहान असला तरी भागते, आरशाची फारशी जागा जात नाही. आम्हांस ही युक्ती फार आवडली.

आणि हे सारे परदेशातले कौतुक आहे असेही कोणी समजू नये. रायगड जिल्ह्यात कर्जतच्या बाजूला खैराट धनगरवाडा ही वस्ती आहे. तेथल्या पहिली ते चौथीच्या लहानशा शाळेत २००७ साली वीस-बावीस मुलांच्या हाती हिरव्या-पांढऱ्या रंगाचे छोटे संगणक आले. 'प्रत्येक मुलाला एक संगणक' ह्या जागतिक योजनेतला भारतातला तो पहिला प्रयोग. त्या संगणकाचा पडदा मेरी लू जेप्सेन ह्या बाईंनी रचला होता. त्यात पणत्या नव्हत्या, मागे साधाच दिवा होता. पण प्रत्येक टिंबाचा काही भाग आरशाचा होता. घरात रंगीत, आणि अंगणात उन्हात नेला की काळी-पांढरी, पण छापल्यासारखी अक्षरे. दिवा मालवला की पडद्याची भूक सुमारे एक वॉटवरून एक-दोन दशांश वॉटवर येई. त्या योजनेवर टीका पुष्कळ झाली, आणि ती सगळीच गैर नव्हती. शंभर डॉलरचा म्हणून गाजलेला संगणक दोनशेच्या घरात गेला, आणि केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याने २००६ मध्येच त्याला नकार दिला होता. पण आम्हांस त्यात महत्त्वाचे वाटते ते हे की, पडदा करणाऱ्याने आधी विचारले: हा वापरणारा बसणार कुठे? उत्तर आले, उघड्यावर. मग पडदा तसा झाला.

येरवड्याला ही गोष्ट नवी नाही. १९३० च्या सुमारास गांधीजी येथल्या तुरुंगात असताना पेटीत घडी होणारा चरखा सिद्ध झाला. देशभर तो येरवडा चरखा म्हणूनच ओळखला गेला. चालवणारा आज एका गावी तर उद्या दुसऱ्या, म्हणून चरखा पेटीत मावला पाहिजे, ही अट आधी होती आणि लाकूड नंतर कापले गेले.

मग उन्हातला पडदा आमच्या रिक्षावाल्याच्या हाती का नाही? शास्त्र अडलेले नाही हे आपण पाहिले. उलटे उदाहरण सांगतो. २०१९ साली महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांना सरकारने मोबाइल दिले, आणि २०२१ च्या ऑगस्टमध्ये हजारो सेविकांनी ते मोर्चाने जाऊन परत केले. साठवण अपुरी, फोन तापतो, दुरुस्तीचा खर्च अंगावर, आणि नोंदीची भाषा मराठी नाही, ही त्यांची गाऱ्हाणी होती. फोन विकत घेणारा एक आणि वापरणारी दुसरी असली की असे होते. रिक्षावाला आणि डबेवाला पोरगा तर स्वतःच्याच पैशाने फोन घेतात. पण दुकानात मिळतो तो कचेरीतल्या माणसाच्या डोळ्यांसाठी केलेला, दुकानाच्या दिव्याखाली चमकणारा. सिनेमा रंगीत दिसतो ना, मग झाले! आपल्या राज्यात तर पडद्याचा कारखानाच नाही. रांजणगावला संच जोडले जातात, काच परदेशातून येते. बुटीबोरीला द्रव-स्फटिक पडद्याचा कारखाना काढण्याचा करार २०१६ साली गाजावाजाने झाला होता. कारखाना काही उभा राहिला नाही. तेव्हा काय बनवावे हे आपल्याला विचारणारा कोणी शेजारी नाही.

युनियनने ह्यात काय करावे? आमचे म्हणणे असे की, पडदा हे ह्या कामाचे हत्यार आहे. गिरणीत माग कामगाराने घरून आणावा असे कोणी कधी म्हटले नाही. मालक एक नाही, दहा कंपन्या आहेत, ही सबब जुनी आहे. हमालालाही एक मालक नव्हता. तरी १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला, मंडळ नेमले, आणि कामावर लेव्ही बसवली. पोचवणीच्या प्रत्येक फेरीमागे थोडी रक्कम अशीच बाजूला पडली तर त्यातून वाहनाच्या दांड्याला बसेल असा उन्हातला पडदा देता येईल. तो सिनेमाला नको. पत्ता, रक्कम आणि बाण दिसला की पुरे.

एक शंका आमच्याच सभासदांनी काढली आणि ती रास्त आहे. दोन पडदे एकमेकांना चिकटवलेले असले तर एक फुटला की दोन्ही गेले. आज साधी काच बदलायची तरी दुरुस्तीवाला दोन-तीन दिवसांच्या कमाईएवढे पैसे घेतो. म्हणून मागणीच्या मसुद्यात आम्ही एक कलम घातले आहे: पडद्याचे सुटे भाग रस्त्यावरच्या दुरुस्तीवाल्यालाही मिळाले पाहिजेत. दुसरे कलम चाचणीचे आहे. मे महिन्यात, दुपारी बारा ते तीन, रिक्षावाल्यांनी स्वतः पाहून पसंत केल्याशिवाय कोणताही पडदा घ्यायचा नाही. कंपनीच्या माणसाने वातानुकूलित खोलीत दाखविलेले आम्ही धरणार नाही.

त्या दोन पडद्यांच्या घड्याळांपैकी एक आम्ही उसने आणून येथे मेजावर ठेवले आहे. व्याख्यान संपल्यावर दिवे मालवून त्याचा खालचा पडदा पाहावा. वरचा आता रात्री कळायचा नाही; तो ज्यांना पाहायचा असेल त्यांनी उद्या दुपारी बारा वाजता आमच्या कचेरीच्या गच्चीवर यावे, आणि शक्यतो डोक्याला काही बांधून यावे.