प्रश्न कोणता आणि विचारणारा कोण?

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



'वृत्तपत्रे, पुढारी आणि मतदान' या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारी मंडळाने आम्हांस आज्ञा केली. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले, उभा जन्म मुलांना इतिहास-भूगोल शिकविण्यात गेलेला. राज्यशास्त्राचे पंडित आम्ही नव्हेत. मात्र शिक्षकाच्या वाट्याला निवडणुकीचे काम हटकून येते. त्यामुळे मतदान केंद्रावर बोटाला शाई लावीत आम्ही पुष्कळ वेळा बसलो आहोत. समोरून जाणारा मनुष्य मत देऊन येतो एवढे दिसते. परंतु त्याने कोणत्या प्रश्नाचे उत्तर दिले, हे त्याच्या तोंडावरून कळत नाही. आज बोलावयाचे ते याच गोष्टीविषयी.

सन १९५७ ची निवडणूक आमच्या जन्माआधीची. तिच्या हकीकती आम्ही वडिलांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकल्या आहेत की, त्या प्रत्यक्ष पाहिल्याचाच भास होतो. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र हवा, ही मराठी माणसाची मागणी होती. १९५५ च्या नोव्हेंबरात व १९५६ च्या जानेवारीत मुंबईत गोळीबार झाले, माणसे मेली. मुख्यमंत्री होते मोरारजी देसाई. १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्य जन्मास आले आणि त्याच महिन्याच्या १५ तारखेस आचार्य अत्र्यांनी 'मराठा' दैनिक सुरू केले. आमचे वडील सांगत, गावात अंक एकच येई. वाचणारा एक असे आणि ऐकणारे पारावर पंचवीस. मोरारजी आणि स. का. पाटील या दोन नावांवर त्या लेखणीने जो वर्षाव केला, त्याची वाक्येच्या वाक्ये वडिलांना म्हातारपणीही पाठ होती.

आता यातील एक गंमत पाहा. १९५७ साली मतदान झाले तेव्हा मोरारजी मुंबईचे मुख्यमंत्री नव्हतेच. ते दिल्लीस गेले होते आणि त्यांच्या खुर्चीवर यशवंतराव चव्हाण होते. तरीही पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसचा जो धुव्वा उडाला, त्यातील पुष्कळ मते जागेवर नसलेल्या मनुष्याविरुद्ध पडली, असे आमचे वडील स्वतःच्या मतावरून सांगत. गुजरात, विदर्भ आणि मराठवाडा यांनी हात दिला म्हणून काँग्रेसचे राज्य टिकले. नावडता पुढारी निघून जातो, पण त्याची सावली बराच काळ मतपेटीवर पडून राहते.

यावरून कोणी म्हणेल की, हा सारा 'मराठा'चा प्रताप. आम्हांस तसे वाटत नाही. १९६० च्या १ मे रोजी महाराष्ट्र राज्य झाले आणि १९६२ च्या निवडणुकीत त्याच काँग्रेसने विधानसभेच्या २६४ जागांपैकी २१५ जिंकल्या. 'मराठा' तेव्हाही निघत होता, अत्र्यांच्या लेखणीची धारही गेली नव्हती. फक्त दुखणे उरले नव्हते. वृत्तपत्र वारा घालू शकते, पण मुळात निखाराच नसेल तर वारा घालून हाती राखच येते.

निवडणुकीत माणसे निवडावयाची असतात, तेव्हा माणसाच्या आवडीनिवडीस तेथे थोडीबहुत जागा आहे. सार्वमताचे तसे नाही. तेथे प्रश्न कागदावर लिहिलेला असतो आणि त्याला होय किंवा नाही एवढेच उत्तर असते. पण तेथेही मनुष्य आडवा येतोच.

फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष जनरल द गॉल यांस सार्वमताची मोठी हौस. १९५८ पासून चार वेळा त्यांनी जनतेस प्रश्न विचारला, प्रत्येक वेळी आपली प्रतिष्ठा पणास लावली आणि प्रत्येक वेळी ते जिंकले. १९६९ च्या २७ एप्रिलला त्यांनी पाचवा प्रश्न विचारला. प्रश्न होता सिनेटच्या सुधारणेचा आणि प्रांतांना काही अधिकार देण्याचा. असल्या विषयावर घराघरांत भांडणे व्हावीत असे त्यात काही नव्हते. परंतु ठराव पडला तर आपण पद सोडू, असे त्यांनी जाहीर केले. दूरचित्रवाणी त्या काळी तेथे सरकारच्या हाती होती, म्हणजे प्रचाराचे सर्वांत मोठे साधन त्यांच्याच घरचे. तरी शेकडा ५२ हून अधिक मते विरुद्ध पडली आणि दुसऱ्याच दिवशी जनरलसाहेब पायउतार झाले. ते गेले तर देशाचे काय होईल, ही भीती पूर्वी लोकांना होती; परंतु त्यांचेच माजी पंतप्रधान पाँपिदू यांनी आपण उभे राहण्यास तयार असल्याचे जानेवारीतच सूचित केले होते. भीती सरली आणि दहा वर्षांचा कंटाळा मोकळा झाला. सिनेट बिचारी बाजूलाच राहिली.

हीच चूक इटलीचे पंतप्रधान रेन्झी यांनी २०१६ साली केली. प्रश्न पुन्हा सिनेटचाच! तिचे सभासद ३१५ वरून १०० वर आणावयाचे होते, शिवाय इतरही बरेच फेरफार होते. हरलो तर जाईन, असे हेही सांगून बसले. ज्यांना ते नकोसे झाले होते त्यांस आयतीच संधी मिळाली. ४ डिसेंबरला शेकडा ५९ लोकांनी 'नाही' म्हटले. पुढे २०२० च्या सप्टेंबरात संसदेचे सभासद ९४५ वरून ६०० करण्याचा एक निराळा, साधा प्रश्न त्याच देशापुढे आला. त्या वेळी कोणी आपली खुर्ची त्याला बांधली नव्हती. शेकडा सत्तरांच्या आसपास लोकांनी होकार दिला. दोन्ही ठराव एकसारखे होते असे नव्हे. परंतु विचारणारा बाजूस झाला म्हणजे प्रश्न निदान दिसू तरी लागतो.

याचे आपल्या शेजारचे उदाहरण गोव्याचे. आपल्यापैकी अनेकांची कुलदैवते तिकडे आहेत, तेव्हा तो इतिहास आपणांस अगदीच परका नाही. १९६३ च्या पहिल्या निवडणुकीनंतर महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा हे त्यांच्या पक्षाचे ध्येय, आणि निवडणूक जिंकली म्हणजे लोकांचा कौल मिळाला असे त्यांचे म्हणणे. डॉ. जॅक सिक्वेरा आणि त्यांचा युनायटेड गोवन्स पक्ष म्हणे, छे, निवडणुकीत माणसे निवडली, प्रश्नाचे उत्तर निराळे घ्या. कित्येक कुळांनी बांदोडकरांना मत दिले ते भाटकाराच्या जाचातून सुटण्यासाठी. त्यातले विलीनीकरण किती आणि भाटकारावरचा राग किती, हे वेगळे काढून कोण दाखविणार?

अखेर कौल घेण्याचे ठरले. विलीनीकरणवाल्यांचे चिन्ह फूल, संघप्रदेश राहू इच्छिणाऱ्यांचे दोन पाने. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून १९६६ च्या डिसेंबरात बांदोडकरांचे मंत्रिमंडळ बाजूस झाले आणि राष्ट्रपती राजवट आली. विरोधकांचा तसा आग्रहच होता. पण खुर्ची सोडणे सोपे नसते, हे आपल्या छोट्याशा मंडळाच्या कारभारावरूनही आपण जाणतो.

वृत्तपत्रांची कामगिरी तर फारच लक्षात घेण्याजोगी. पणजीचा 'गोमन्तक' विलीनीकरणाच्या बाजूचा, मडगावचा 'राष्ट्रमत' विरुद्ध. आणि दोन्ही मराठी! महाराष्ट्रात जाऊ नका, हे गोमंतकीयास मराठीतूनच समजावून सांगितले जात होते. 'राष्ट्रमता'त उदय भेंब्रे यांचे 'ब्रह्मास्त्र' हे सदर येई. आपली विधानसभा जाईल, गोवा एक जिल्हा होऊन बसेल, नोकऱ्यांचे काय, दारूबंदीचे काय, असे रोखठोक मुद्दे विरोधक मांडीत. दुसरी बाजू भाषेचे, देवळांचे, सोयरिकीचे नाते सांगे. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी कोकणी गाणी गावोगाव फिरत होती. व्यक्तींवर चिखलफेक झालीच नाही असे आम्ही म्हणत नाही. ती कोठे होत नाही? परंतु मतपेटीपाशी गेलेल्या मनुष्यास फूल म्हणजे काय आणि दोन पाने म्हणजे काय, हे पक्के ठाऊक होते.

१६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. विलीनीकरणास १,३८,१७० मते पडली, विरुद्ध १,७२,१९१. फरक ३४,०२१ मतांचा. आणि अडीच महिन्यांच्या आत निवडणूक होऊन तेच भाऊसाहेब बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले! जागांचा हिशेब आणि मतांचा हिशेब एक नव्हे, हे आम्ही जाणतो. तरीही प्रश्न हरला म्हणून मनुष्य बुडाला नाही, ही गोष्ट द गॉल आणि रेन्झी यांच्या नशिबी नव्हती.

आता थोडे घरातले बोलतो. काही वर्षांपूर्वी याच सभागृहात आपल्या तालुक्याच्या गावच्या वसतिगृहाचा ठराव आला होता. जुनी इमारत पाडून नवी बांधावी, एक मजला मुलींसाठी स्वतंत्र ठेवावा, असा तो ठराव होता. तेव्हाचे अध्यक्ष फटकळ होते. पत्रांना उत्तर देत नसत, बांधकाम समितीवर त्यांनी आपलेच आप्त घेतले होते. मंडळाच्या मासिकाच्या प्रत्येक पानावर त्यांचे छायाचित्र असे आणि ठराव मात्र शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत छापलेला. भ्रमणध्वनीवरील आपल्या ज्ञातिगटात त्यांच्या टोपीवरून, चालण्यावरून रोज नवी थट्टा येई, आणि ती पुढे पाठविणाऱ्यांत आम्ही होतो. पारितोषिक समितीतून त्यांनी आमचे नाव काढले होते, त्याचा सल आमच्या मनात होता. आम्ही हात वर केला तो ठरावाविरुद्ध. मोठ्या मताधिक्याने ठराव पडला आणि आम्ही टाळ्या वाजविल्या.

पुढल्या जून महिन्यात आमच्या एका माजी विद्यार्थिनीचे वडील घरी आले. मुलगी बारावी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली होती, पण तालुक्याला राहण्याची सोय नव्हती आणि रोज ये-जा करावी अशी एस. टी. त्यांच्या गावाला नव्हती. ते म्हणाले, "गुरुजी, त्या ठरावात मुलींच्या मजल्याचे होते म्हणतात. मग आपण तो का पाडला?" आम्ही उत्तर दिले नाही. खरे सांगावयाचे तर आम्ही तो ठराव वाचलाच नव्हता. मुलीचे शिक्षण तेथेच थांबले.

ते अध्यक्ष आता पदावर नाहीत. आज दुपारच्या सर्वसाधारण सभेत वसतिगृहाचा ठराव पुन्हा येत आहे, थोडा बदललेला, थोडा अधिक खर्चाचा. विद्यमान अध्यक्षांवरही कोणाकोणाचा राग असेल. आमचाही थोडा आहे. मसुद्याच्या प्रती दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. तिसऱ्या पानावर खर्चाचा तपशील आहे आणि पाचव्यावर मुलींच्या मजल्याचा नकाशा. प्रती थोड्या आहेत, तेव्हा वाचून झाल्यावर शेजारी बसलेल्यांकडे द्याव्यात, इतकी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.