भुवई कोरून घेण्याआधी

लग्नाच्या खरेदीला दादरला आलेल्या मुली हल्ली साड्या बघता बघता पार्लरमध्येही डोकावतात. "पर्मनंट मेकअप करता का?" भुवया, ओठ, डोळ्यांची कड एकदा रंगवून घेतली की रोजची कटकट मिटली, असा त्यांचा हिशेब. तो अगदीच चुकीचा नाही. पण श्रोतेहो, नावात मेकअप असला तरी हे गोंदणच आहे.

आपल्या आज्यांच्या कपाळा-हनुवटीवरचं हिरवं गोंदण आठवा. जत्रेतली गोंदणारी बाई सुईनं कातडीत रंग उतरवायची. आता यंत्र आलं, सुई बारीक झाली, आयर्न ऑक्साइडसारखे रंग आले. जागा मात्र तीच, कातडीच्या वरच्या थराच्या जरा खाली. रंग वरवर राहिला तर खपलीबरोबर निघून जातो, फार खोल गेला तर पसरून निळसर-राखाडी दिसतो. त्यामुळे दुकानाच्या पाटीपेक्षा करणाऱ्याचा हात बघा. त्यानं केलेल्या भुवया वर्षभरानंतर कशा दिसतात, ते फोटो मागा. ताजे फोटो सगळेच छान असतात.

'पर्मनंट' हा शब्दही फसवा आहे. साधारण एक ते तीन वर्षांत रंग फिका पडतो, पुन्हा भरावा लागतो; आणि नकोसा झाला तर सहजी जातही नाही. लेसरनं काढायला गेलं तर गुलाबी ओठ किंवा तपकिरी भुवई उलट काळी पडू शकते, कारण लेसरच्या उष्णतेनं रंगातलं लोह रूप बदलतं.

सुई तुमच्या डोळ्यांदेखत नव्या पाकिटातून निघाली पाहिजे आणि रंग तुमच्यापुरता वेगळ्या वाटीत घेतलेला हवा. कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही सुईतून पसरतात. विचारायला संकोचू नका. विचारलेलं ज्याला आवडत नाही, त्याच्याकडून उठून या. गोंदल्यावर वर्षभर रक्तदान करता येत नाही, हेही लालबाग-परळच्या मंडळांतल्या कार्यकर्त्या मुलींनी ध्यानात ठेवावं.

जखमेचा व्रण जाड होत असेल, मधुमेह आटोक्यात नसेल, रक्त पातळ करणारं औषध चालू असेल किंवा गरोदर असाल, तर आधी डॉक्टरांना विचारा. ओठांवर वरचेवर पाणीदार पुळ्या येत असतील तर सुईनं त्या पुन्हा उसळतात. डॉक्टर आधी गोळ्या देतात.

परळला टाटा रुग्णालयात उपचारांसाठी येणाऱ्यांचा विचार मनात येतो. केमोथेरपीत भुवया गेल्या की चेहरा परका वाटतो, आणि तिथे ही कला खरी उपयोगाची ठरते. पण पांढऱ्या पेशी कमी असताना सुई नको. वेळ कर्करोगतज्ज्ञच सांगतील. ओठांवरच्या कोडाचंही तसंच. डाग निदान वर्षभर स्थिर हवा, नाहीतर सुई टोचली तिथेच नवा डाग उठू शकतो.

पुढे कधी एमआरआय करायचा झाला तर तिथल्या तंत्रज्ञाला या रंगाबद्दल सांगा. क्वचित जागा चुरचुरते, पण तेवढ्यासाठी तपासणी टाळू नका.

आणि लग्नाच्या मुलींनो, आदल्या आठवड्यात हे करू नका. सुरुवातीला रंग भडक दिसतो, मग खपली धरते, खरा रंग महिन्याभरानं कळतो, त्यानंतर दुसरा हात. हातात दोन-तीन महिने ठेवा.