स्वभावाला औषध
(हीरक महोत्सवी मेळाव्यातील भाषण)



परवा ट्रंक आवरताना माझे सातवीचे प्रगतिपुस्तक हाती लागले. शेऱ्याच्या रकान्यात बाईंच्या वळणदार अक्षरात लिहिले आहे : 'बुद्धी चांगली, चिकाटी नाही.' त्याखाली वडिलांची सही. सही करताना ते म्हणाले होते, "स्वभावाला औषध नाही." हे वाक्य मी पुढे पन्नास वर्षे ढालीसारखे वापरले. तबला सोडला, बंगाली शिकणे सोडले. प्रत्येक वेळी दोष स्वभावाचा. साठीत मधुमेह निघाला, गोळ्या वेळेवर घेईनात, तेव्हा डॉक्टरांनाही तेच ऐकवले. डॉक्टर हसले नाहीत.

मानसशास्त्रातही हा समज जुना आहे. विल्यम जेम्स यांनी १८९० मध्ये लिहिले होते की, तिशीनंतर बहुतेकांचा स्वभाव घट्ट होऊन बसतो. पण शाळेच्या या समारंभात सांगण्याजोगी हकीकत स्कॉटलंडची आहे. तेथे १९५० साली चौदा वर्षांच्या १,२०८ मुलांविषयी शिक्षकांनी आत्मविश्वास, चिकाटी, मनाचे स्थैर्य, कर्तव्यदक्षता अशा सहा गुणांवर आपली मते नोंदवली. म्हणजे आमच्या बाईंचाच शेरा, जरा पद्धतशीर. २०१२ मध्ये त्यांपैकी १७४ जणांनी, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी, त्याच गुणांवर स्वतःचे मूल्यमापन केले. निकटच्या माणसांकडूनही करवून घेतले. जुन्या शेऱ्यांचा आणि नव्या उत्तरांचा जवळजवळ काहीच मेळ बसेना. आता, १७४ ही संख्या लहान आहे, आणि तेव्हाचे परीक्षक वेगळे होते, हे मान्य केले पाहिजे. तरीही त्रेसष्ट वर्षांत माणूस केवढा दूर जाऊ शकतो, हे पाहून मी थक्क झालो.

हा बदल वाटेल तसा होत नाही. २००६ मध्ये ९२ दीर्घकालीन अभ्यास एकत्र तपासले गेले. त्यांत दिसले की विशेषतः विशी ते चाळिशीत माणसे अधिक जबाबदार आणि मनाने अधिक स्थिर होतात; म्हातारपणी मात्र नव्या गोष्टींविषयीचे कुतूहल ओसरते. घरात मराठी आणि दाराबाहेर दुसरी भाषा असे आयुष्य काढलेल्या आपल्यासारख्यांनी हे ओसरणे वेळीच ओळखावे. शेजाऱ्यांशी त्यांच्या भाषेत बोलणे थांबले की घर किती लवकर लहान होते, हे निवृत्तीनंतर कळते.

स्वभावाचा आरोग्याशी संबंध किती? कॅलिफोर्नियात लुई टर्मन यांनी १९२१ मध्ये सुमारे दीड हजार हुशार मुलांचा अभ्यास सुरू केला. पुढे हॉवर्ड फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी त्यांच्या आयुर्मानाचा हिशेब मांडला. पालकांनी व शिक्षकांनी ज्यांना लहानपणी नेटके, विचारी, जबाबदार म्हटले होते, ती मुले सरासरीने अधिक जगली. सदा हसतमुख मुलांना मात्र तो लाभ मिळाला नाही. उलट त्यांचे आयुष्य थोडे कमीच भरले. हसत राहा म्हणजे दीर्घायुषी व्हाल, असे सांगणाऱ्यांनी हे जरूर वाचावे! यामागचे कारण काही अंशी साधे आहे : असा माणूस तंबाखूपासून दूर राहतो, औषध चुकवत नाही, तपासणीची तारीख पाळतो. पण सवयी हिशेबात धरल्या तरी काही फरक उरतोच. त्याचे पूर्ण स्पष्टीकरण मिळालेले नाही.

मग सत्तरीला टेकलेल्याने काय करावे? अमेरिकेतील एका अभ्यासात विद्यार्थ्यांना स्वभाव बदलण्यासाठी दर आठवड्याला छोटी छोटी कामे निवडायला दिली होती. ज्यांनी ती पार पाडली त्यांच्यात बदल दिसला. नुसती निवडून सोडून दिली त्यांना उपयोग झाला नाही. ते विद्यार्थी तरुण होते, तरी मी त्यांची रीत उचलली. चिकाटी आणण्याचा संकल्प केला नाही. सकाळी चहाच्या आधी रक्तशर्करा मोजून वहीत आकडा लिहायचा, एवढेच. पहिल्या महिन्यात अकरा दिवस कोरे आहेत. दुसऱ्या महिन्यात चार. आता त्या वहीला सहा वर्षे होतील, आणि गेल्या श्रावणात मी तबल्यावरची खोळ काढली. बोटे वळत नाहीत, शेजारी तक्रार करतात, पण बसतो.

आमच्या बाई आज पहिल्याच रांगेत बसल्या आहेत. कार्यक्रम संपला की प्रगतिपुस्तक आणि ही वही दोन्ही त्यांच्यापुढे ठेवणार आहे. शेरा बदलतात का, पाहू.