खानदेशचा तीरकमठा आणि कोल्हा

‘कोल्हा काकडीला राजी’ ही म्हण महाराष्ट्रांत सर्वतोमुखीं आहे. परंतु तिचा अर्थ खरोखर ठाऊक असतो तो नदीकांठच्या शेतकऱ्याला. पिकलेलें टरबूज फोडून, गोड गाभा खाऊन, उरलेलें तसेंच टाकून जाणारा हा पाहुणा रात्रीं येतो आणि उजाडण्यापूर्वीं निघून जातो. मांसाहारी म्हणून प्रसिद्ध असलेला हा प्राणी बोरें, काकड्या आणि मक्याचीं कणसें यांवरहि ताव मारतो. सवड सांपडली तर कोंबडी उचलतो, कळपामागें राहिलेलें करडूं नेतो. अशा या चतुर चोराशीं सातपुड्याच्या पायथ्याच्या भिल्लानें पिढ्यान्‌पिढ्या जो सामना दिला तो बंदुकीनें नव्हे, तीरकमठ्यानें. तो सामना कसा होता, आणि आज त्याचें काय झालें, हा या भाषणाचा विषय आहे.

प्रथम प्राण्यांची ओळख नीट करून घेतली पाहिजे. कारण बालबोध पुस्तकांनीं या बाबतींत थोडा घोटाळा करून ठेवला आहे. द्राक्षांना आंबट म्हणणारा इसापाचा प्राणी आणि पंचतंत्रांतील करटक व दमनक हे एकाच जातीचे, असा मुलांचा समज होतो. वस्तुतः इसापाचा प्राणी हा आपल्याकडील खोकडाचा भाऊबंद. करटक-दमनक मात्र खरे कोल्हे. खोकड अंगानें लहान, वजनानें दोन-तीन किलो, शेपटीचा गोंडा काळा. तो माळावर बीळ करून राहतो आणि उंदीर, टोळ, खेकडे यांवर गुजराण करतो. कोल्हा त्याच्या तिप्पट-चौपट वजनाचा. नर व मादी जोडीनें राहतात आणि दोघें मिळून पिलें वाढवितात. लांडगा या दोघांहूनहि मोठा, सुमारें वीस किलो वजनाचा, उघड्या माळरानाचा धनी. धुळें जिल्ह्यांतील साक्री-शिंदखेड्याकडे मेंढरें घेऊन फिरणाऱ्या ठेलारी मेंढपाळाला धास्ती असते ती कोल्ह्याची नव्हे, या लांडग्याची.

आतां हत्याराकडे वळूं. भिल्लाचा कमठा बांबूचा असतो. त्याची दोरी सुताची किंवा तातीची नसून बांबूच्याच सालीची चिवट पट्टी काढून ती दोन्ही टोकांस बसविलेली असते. म्हणजे धनुष्य आणि दोरी दोन्ही एकाच बेटांतून निघतात. बाजारांतून आणावें लागतें तें फक्त तीराच्या टोंकाचें लोखंड. तीर सुमारें दोन हात लांब, त्याच्या पात्याला उलटे कांटे; भाता बांबूच्या चटईचा. पांखरें टिपण्यासाठीं बोथट तोंडाचे तीर वेगळे. माशांसाठीं तर मोठी युक्ति केलेली असते. तीराचें पातें दांडीला दोरीनें जोडलेलें असतें; तें माशांत रुतलें कीं दांडीपासून सुटतें, आणि हलकी दांडी पाण्यावर तरंगत राहून मासा कोठें आहे तें दाखविते. दोरी ओढतांना आंगठा न लावतां पहिल्या दोन बोटांनीं ती खेंचण्याची रीत भिल्लांत आहे. एकलव्यानें गुरुदक्षिणेंत आंगठा दिला, तेव्हांपासून त्याचे वंशज आंगठा लावीत नाहींत, अशी यामागची आख्यायिका आहे.

परंतु या हत्याराला एक मोठी मर्यादा आहे, आणि आजच्या विषयाचें मर्म त्या मर्यादेंतच आहे. बंदुकीची गोळी दोनशें पावलांवरून जीव घेते. तीर घेऊन निघालेल्या माणसाला सावजापासून वीस-तीस पावलांवर जावें लागतें. कोल्ह्याचें नाक आणि कान लक्षांत घेतले म्हणजे हीं वीस पावलें किती अवघड आहेत तें कळेल. वारा सावजाकडून आपल्याकडे वाहत असला पाहिजे. वाळलेलें पान पायाखालीं वाजतां कामा नये. चांदणें अंगावर पडतां कामा नये. इतकें साधूनहि तीर सुटतांच दोरीचा जो टणत्कार होतो, तो तीराच्या आधीं कोल्ह्याच्या कानीं पोंचतो. कारण आवाजाचा वेग तीराच्या वेगाच्या कित्येक पट आहे. तेवढ्या निमिषांत कोल्हा अंग चोरतो आणि तीर जमिनींत रुततो. म्हणूनच कोल्ह्यावर तीर मारणारा माणूस एका रात्रींत फार तर एकदां नेम धरी, आणि बहुतेक रात्रीं रिकाम्या हातीं परते.

शिवाय कोल्हा हें कांहीं भिल्लाचें मुख्य सावज नव्हे. ससा, तितर, मासा हें त्याचें खाणें. कोल्ह्यावर तीर सुटे तो बहुधा खोपटापाशीं कोंबडी धरणाऱ्यावर, किंवा मळ्यांत वारंवार येणाऱ्यावर. चोरी करणारा एखादा कोल्हा जाई. बाकीचे नदीकांठच्या झाडींत कोल्हेकुई करीत राहत, आणि शेतांतले उंदीर खाऊन शेतकऱ्याचें नकळत कल्याणहि करीत. तीरकमठा आणि कोल्हा शतकानुशतकें एकाच शिवारांत नांदले, याचें कारण हेंच. हत्यारच असें होतें कीं त्याला हांव धरतां येत नव्हती.

पुढें काळ पालटला. १८१८ मध्यें खानदेश इंग्रजांच्या ताब्यांत गेला. डोंगरांतल्या भिल्लांना केवळ फौजेच्या बळानें वठणीवर आणतां येत नाहीं हें दिसून आल्यावर, एल्फिन्स्टन गव्हर्नर असतांना, १८२५ सालीं जेम्स औट्रॅम या बावीस वर्षांच्या लष्करी अधिकाऱ्याकडे भिल्लांची पलटण उभारण्याचें काम आलें. धरणगांव हें त्या पलटणीचें ठाणें. औट्रॅमनें भिल्लांचा विश्वास संपादन केला तो मुख्यतः त्यांच्याबरोबर रानांत शिकारीला जाऊन. त्यांचें रानाचें ज्ञान आणि त्याचें धाडस यांची जोडी जमली. परंतु त्या जोडींत तीराची जागा हळूहळू बंदुकीनें घेतली. सरकार वाघ, लांडगा वगैरे जनावरें मारणाऱ्यास बक्षिसें देऊं लागलें, आणि शिकार ही रक्षणाची किंवा पोटाची बाब न राहतां मोजणीची बाब झाली. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें ‘शस्त्र’ या शब्दाची व्याख्या केली, तींत बंदूक व तलवार यांच्या पंक्तीला धनुष्यबाणहि बसविले.

आज त्याच शिवारांत काय दिसतें? जीं माळरानें ‘पडीत’ म्हणून गणलीं गेलीं तीं नांगराखालीं आलीं, आणि खोकडाचीं बिळें व लांडग्याच्या गुहा नाहींशा झाल्या. रस्त्यांवर रात्रीं वाहनांखालीं कोल्हे चिरडतात. मेलेल्या जनावरांत विष घालून ठेवण्याची दुष्ट रीत आहे. तें विष एकट्या चोराला नव्हे, तर कोल्हा, लांडगा, गिधाड व गांवचा कुत्रा या सर्वांना एकदमच मारतें. मोकाट कुत्र्यांचे रोग रानांत पसरतात. त्यांतच कोल्ह्याच्या डोक्यावर शिंग असतें व तें जवळ बाळगल्यास घरांत लक्ष्मी येते, ही खुळी समजूत. वास्तविक कोल्ह्याला शिंग नसतेंच, पण त्या नसलेल्या शिंगापायीं त्याचा जीव मात्र जातो. कोल्हा लवचिक स्वभावाचा. उसाच्या फडांत, केळीच्या बागेंत तो कसाबसा तग धरतो. लांडग्याची स्थिति मात्र चिंतेची आहे. २०२२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या अंदाजाप्रमाणें सबंध भारतांत ते सुमारें ३००० उरले आहेत.

या ठिकाणीं अमेरिकेचें उदाहरण विचार करण्याजोगें आहे. तिकडे कोल्ह्याचा एक चुलतभाऊ आहे. त्याला कायोटी म्हणतात. बंदूक, सांपळा, विष या सर्व उपायांनीं त्याला शंभरांवर वर्षें मारीत आले, तरी तो कमी न होतां उलट जवळजवळ सबंध खंडभर पसरला. तेथील हौशी शिकारी सशाच्या केविलवाण्या ओरडण्याची नक्कल करून त्याला जवळ बोलावितात, आणि चाकें बसविलेल्या नव्या धनुष्यानें टिपतात. त्या देशांत तसें करण्यास मुभा आहे. परंतु तिकडची मुभा इकडे आणतां येणार नाहीं. कारण इकडचा माळ आटत चालला आहे.

आपल्याकडे वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ सालीं झाला. त्याखालीं आज लांडगा, कोल्हा व खोकड या तिघांनाहि संरक्षण आहे. शिकार म्हणजे केवळ ठार मारणें नव्हे. विष घालणें, सांपळा लावणें, आमिष ठेवणें, इतकेंच नव्हे तर मारण्याचा प्रयत्न करणें, हेंहि त्या कायद्यानें शिकारींत मोडतें. हत्यारांच्या यादींत पुन्हां धनुष्यबाण आहेच. त्यामुळें यावलच्या किंवा अनेरच्या अभयारण्यांत परवानगीवांचून तीरकमठा घेऊन शिरणें हा गुन्हा ठरतो. पुढें २००६ च्या वनहक्क कायद्यानें आदिवासींचे कित्येक परंपरागत हक्क मान्य केले; परंतु शिकारीचा परंपरागत हक्क मात्र स्पष्ट शब्दांत वगळला.

हें भिल्लाला बोचतें, आणि बोचावें हें स्वाभाविक आहे. ज्याच्या तीरानें रान रितें झालें नाहीं, त्याचाच तीर प्रथम गुन्ह्याच्या यादींत जावा, आणि ज्या नांगरानें, रस्त्यानें व विषानें रान रितें झालें तीं राजरोस किंवा छपून चालूच राहावीं, यांत न्याय थोडा लंगडा पडतो. पण म्हणून बंदी चुकीची ठरत नाहीं. रान मोठें होतें तेव्हां एका कोल्ह्याचा जीव रानाला जड नव्हता; आज तो जड आहे. दोष कोणाचाहि असो, उरलेल्याचें रक्षण सर्वांनींच करावें लागतें. मात्र कायद्याचा हात भिल्लाच्या खोपटापर्यंत जितक्या त्वरेनें पोंचतो, तितक्याच त्वरेनें तो विष घालणाऱ्यापर्यंत आणि खोट्या शिंगांच्या व्यापाऱ्यापर्यंत पोंचला पाहिजे, अशी मागणी करण्याचा भिल्लाला पूर्ण अधिकार आहे.

मग शेतकऱ्यानें आणि मेंढपाळानें काय करावें? शेळ्या-करडें रात्रीं उघड्यावर न ठेवतां बंद गोठ्यांत किंवा उंच कांटेरी वाड्यांत ठेवावीं. कोंबड्यांचें खुराडें जमिनीपासून वर असावें. मेलेलें जनावर वस्तीजवळ टाकूं नये; तें म्हणजे कोल्ह्या-लांडग्याला दिलेलें आमंत्रणच. इतकें करूनहि जनावर दगावलें तर सरकारकडून भरपाई मिळते; त्यासाठीं मेलेलें जनावर जागेवरून न हलवितां वनखात्याला लागलीच वर्दी दिली पाहिजे. भरपाईस उशीर होतो ही तक्रार गांवोगांव ऐकूं येते, आणि तिच्यामुळेंच विषाची पुडी हातीं घेण्याचा मोह होतो. ती वेळेवर मिळाली तर अनेक लांडगे वांचतील.

राहतां राहिली विद्या. तिला नवें क्षेत्र मिळूं शकतें हें राजस्थानांतील उदयपूर जिल्ह्याच्या लिंबाराम यांनीं दाखवून दिलें आहे. आदिवासी खेड्यांत बांबूच्या धनुष्यावर हात बसलेला हा मुलगा १९८८, १९९२ व १९९६ अशा तीन ऑलिंपिक सामन्यांत भारतातर्फे उतरला. १९९१ सालचा अर्जुन पुरस्कार आणि २०१२ मध्यें पद्मश्री त्यांना मिळाली. सातपुड्याच्या आश्रमशाळांतून बांबूच्या कमठ्यावर सहज नेम धरणारीं मुलें आहेत. त्यांच्यापुढें गवताच्या पेंढीचें लक्ष्य उभें करण्यास फारसा खर्च लागत नाहीं. लागतो तो शिकविणारा माणूस आणि वेळेवर मिळणारें चांगलें धनुष्य. वाऱ्याची दिशा ओळखणें, श्वास धरणें, योग्य क्षणाची वाट पाहणें, आणि तो क्षण न आल्यास तीर भात्यांत परत ठेवणें, हें सारें त्या मुलांच्या बापजाद्यांनीं कोल्ह्यामागें रात्री जागून मिळविलेलें आहे. कोल्ह्याला सोडून दिलें तरी हें धन त्यांच्या हातांतून जाण्याचें कारण नाहीं.