एका ओळीत एकच गोष्ट



माझा धाकटा भाऊ तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. बौद्धिक अक्षमतेमुळे त्याची शाळा पाचवीनंतर सुटली. अक्षरं त्याला येतात. तरी दोन वर्षांपूर्वी भुसावळला निघालेला हा मलकापूरला उतरला. आईचा त्या दिवशीचा फोन मी विसरणार नाही.

तेव्हापासून सुट्टीत आले की मी त्याला बोदवड स्टेशनवर नेते. वेळापत्रकाचा अख्खा फलक पाहिला की तो गोंधळायचा. मग फलकाचा फोटो छापून घेतला आणि एक ओळ सोडून बाकीच्या कागदाने झाकल्या. 'ही गाडी कुठे जाते?' एवढाच प्रश्न. १४ म्हणजे दुपारचे दोन, हे डोक्यात बसायला दिवाळी ते उन्हाळा लागला. (पडद्यावर गर्दी नको, हे मी ऑफिसात रोज सांगते, घरी सुचायला चाळिशी उलटावी लागली!) पुढे औषधाच्या पट्टीवरची मुदत, वीजबिलाची शेवटची तारीख. सगळं घरातलं, खरं. पुस्तकातल्या चित्रातलं बिल त्याला पटत नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात संवादाच्या व्याख्येत सोपी भाषा आणि मोठी अक्षरंही आहेत. तुमच्यापैकी कुणाचं दुकान आहे, कुणाचा दवाखाना. वेळेची पाटी तेवढी मोठ्या अक्षरांत लावा, एका ओळीत एकच गोष्ट.

गेल्या महिन्यात तो एकटा भुसावळला जाऊन आला. स्टेशनवरून फोन केला, "ताई, गाडी उशिरा आहे. पण आपलीच आहे."