नाक्यावरचे आंबे

शाळेच्या सहलीत नाणेघाटातल्या जकातीच्या दगडी रांजणात डोकावताना कोणाची टोपी आत पडली, ते सांगत नाही. तो समोरच बसलाय.

माझा जकातनाका निघाला ब्लेनला, कॅनडातून अमेरिकेत परतताना. गाडीमागे ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं बिऱ्हाडच. फ्रिजमध्ये सरेतल्या देशी दुकानातले सहा मेक्सिकन आंबे. आई कुजबुजली, "सांगू नको गं, काढून घेतील." अधिकाऱ्याने खाण्याचं विचारलं. मी सगळं सांगितलं: पीठ, मसाले, लोणचं, आंबे. लपवलं तर दंड. सांगितलं तर फार तर आंबे जातात. कॅनडात घेतलेलं फळ कॅनडात पिकलेलं असतंच असं नाही, आणि आंब्यातून फळमाशी येते.

आई रुसली. मी म्हटलं, "आई, टोमॅटोवरची टुटा अळी आठव." ती मूळची दक्षिण अमेरिकेतली, भारतात २०१४ मध्ये पहिल्यांदा सापडली ती महाराष्ट्रातच. नारायणगावच्या बाजारात आयुष्यभर टोमॅटोचे क्रेट पाठवलेल्या बाईला आणखी काय सांगायचं?

ती उतरली, आंबे स्वतः काढून दिले. पाचच होते. मग पर्समधून रुमालात गुंडाळलेली एक कोय काढली. मळ्यात लावायला ठेवली होती म्हणे.